आवाज कसला, त्याआधी तो केव्हाचा

सकाळी किल्ली फिरवली की गाडी चमत्कारिक आवाज करते आणि दुपारी गॅरेजमध्ये नेली की तीच गाडी बिनतक्रार सुरू होते, हे गाऱ्हाणे गाडी असलेल्या बहुतेक घरांत कधी ना कधी ऐकू येते. मेकॅनिक दोनचार वेळा सेल्फ मारून बघतो, बॉनेट उघडून कान देतो आणि ‘काही नाही, चालू द्या’ म्हणतो. नाहीतर अंदाजाने बॅटरी बदलायला सांगतो. यात त्याची लबाडीच असते असे मानायचे कारण नाही. हा आवाज रात्रभर थंडावलेल्या गाडीचा, पहिल्या चारपाच सेकंदांतला असतो. गाडी घरापासून गॅरेजपर्यंत चालवत नेली की इंजिन तापते, ऑइल सगळीकडे पोचते, बॅटरीत थोडा चार्ज भरतो, बेल्टवरचा दमटपणा उडून जातो. ज्या परिस्थितीत आवाज आला ती परिस्थितीच मेकॅनिकपुढे उभी राहत नाही. तिचा साक्षीदार एकच, गाडी चालवणारा. आणि तो सहसा काय सांगतो? ‘खडखड होते’, ‘कसातरी आवाज येतो’. सगळा भर आवाजाच्या जातीवर. माझे म्हणणे असे की जात दुय्यम आहे. आवाज इंजिन फिरण्याआधी येतो, फिरताना येतो की पेटल्यावर येतो, एवढे नेमके सांगता आले तर निम्मे निदान गाडी घराबाहेर काढण्याआधीच झालेले असते. उरलेले निम्मे मोजमापाने होते. सुटा भाग बदलणे ही त्यानंतरची पायरी. आपल्याकडे तीच पहिली होऊन बसली आहे आणि गाडीवाल्यांचा पैसा वाया जातो तो बराचसा तिथेच.

वेळेला एवढे महत्त्व का, हे कळायला गाडी सुरू होताना काय काय घडते ते क्रमाने पाहावे लागेल. विजेचा स्टार्टर मोटारीत रुजला तो १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांपासून. त्याआधी गाडीच्या पुढे उभे राहून हँडल मारावे लागे आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडण्याची भीती असे. हा स्टार्टर तयार करणारे चार्ल्स केटरिंग यांनी आधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. मोटरीला काही क्षणच राबायचे असेल तर तिच्या आकाराच्या मानाने कितीतरी जास्त भार तिच्यावर टाकता येतो, हे त्यांना त्या कामातून ठाऊक होते. आजचा सेल्फ याच तत्त्वावर चालतो. म्हणूनच तो सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट तरी जाऊ द्यावा. मुठीएवढ्या जागेतून शेकडो अँपिअरचा प्रवाह जात असतो, तो काही क्षणांपुरताच सोसवतो.

किल्ली फिरवली किंवा बटण दाबले की रिलेमधून सोलेनॉइडला वीज मिळते. सोलेनॉइडमधला दांडा आत खेचला जातो आणि एकाच हालचालीत दोन कामे करतो: सेल्फचे लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, पुढे सरकवून फ्लायव्हीलच्या रिंग गिअरमध्ये अडकवतो आणि अगदी शेवटी तांब्याची एक चकती दोन जाड टर्मिनलांवर दाबून मोटरीचा मुख्य प्रवाह जोडतो. पिनियनला नऊदहा दात, रिंग गिअरला शंभराहून अधिक. त्यामुळे इंजिन मिनिटाला दोनशे-अडीचशे फेरे घेत असताना पिनियन दोन हजारांच्या वर फिरत असते. इंजिन पेटले की पिनियन मागे येते, ऑइल पंप दाब तयार करतो, टायमिंग चेनचा टेन्शनर त्या दाबाने घट्ट होतो आणि अल्टरनेटर बॅटरीची झीज भरून काढू लागतो. हा क्रम कुठल्याही गाडीत उलटा होत नाही. त्यामुळे आवाज कोणत्या क्षणाचा हे कळले की पुढच्या क्षणांतले भाग आपोआप संशयातून सुटतात. इंजिन हललेलेच नाही आणि आवाज येतोय, तर टायमिंग चेनला दोष देता येत नाही. इंजिन पेटून दोन सेकंद झाल्यावर आवाज येतोय, तर सोलेनॉइड सहसा निर्दोष असतो.

पहिला टप्पा इंजिन हलण्याआधीचा, आणि इथला नेहमीचा आवाज म्हणजे भराभर होणारे ‘टकटकटकटक’. सोलेनॉइडमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. एक जोरात खेचणारे, दुसरे खेचलेले धरून ठेवणारे. तांब्याची चकती टेकली की खेचणाऱ्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्टेज येते आणि त्याचे काम थांबते. दांडा धरून ठेवण्याची जबाबदारी एकट्या दुसऱ्या वेटोळ्यावर येते. नेमक्या त्याच क्षणी मोटर प्रवाह ओढायला लागते. बॅटरी कमजोर असेल तर व्होल्टेज धाडकन खाली जाते, धरणाऱ्या वेटोळ्याचा जोर संपतो, दांडा सुटतो. मोटरीचा प्रवाह तुटला, भार गेला, की व्होल्टेज परत वर येते आणि दांडा पुन्हा खेचला जातो. हेच चक्र सेकंदाला अनेक वेळा होते, तोच तो टकटकाट. म्हणजे हा आवाज सांगतो की सोलेनॉइड बहुधा चांगला आहे, खेचतो आहे. भार आल्यावर टिकून राहण्याएवढे व्होल्टेज त्याच्यापर्यंत पोचत नाही. इथवर आवाजाने नेले. पण व्होल्टेज कुठे अडते, बॅटरीतच नाही की वाटेत गळते, हे आवाज सांगू शकत नाही. टकटकाट ऐकताच बॅटरी बदलण्याची घाई चुकते ती इथे.

बॅटरीची तपासणी काही शंभर रुपयांच्या मल्टिमीटरने घरच्या घरी होते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी सकाळी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती निम्म्यावर आली आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मात्र हा आकडा विसाव्याचा आहे आणि तो फसवू शकतो, कारण आतून जुनी झालेली बॅटरीही बसल्या जागी १२.५ दाखवते. खरी परीक्षा सेल्फ मारताना. दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगून मीटर बॅटरीच्या टर्मिनलांवर धरावा. आपल्या हवामानात आकडा ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी रिकामी आहे किंवा संपत आली आहे. चार्ज करूनही तसाच घसरला तर संपली. इंजिन सुरू झाल्यावर त्याच मीटरवरचा आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असायला हवा. तसे नसेल तर दोष अल्टरनेटरकडे किंवा त्याच्या जोडणीकडे शोधावा, आणि नवी बॅटरीही काही दिवसांत तशीच बसेल. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट: बॅटरी थंडीने बिघडते ही समजूत अर्धी खरी आहे. तिच्या आतल्या जाळ्या गंजतात आणि पाणी उडते ते मे महिन्याच्या उन्हात, बॉनेटखालच्या उष्णतेत; थंडीत ऑइल घट्ट झाल्यावर सेल्फला जास्त जोर लागतो आणि आधीच झालेले नुकसान डिसेंबरच्या सकाळी टकटकाट बनून उघड होते.

बॅटरी चांगली निघाली तर पुढे वाटेतली गळती. सेल्फ १५० अँपिअर ओढतो असे धरा. टर्मिनलवर पांढरट-हिरवट क्षार जमून तिथे केवळ ०.०२ ओहमचा रोध तयार झाला, तर १५० गुणिले ०.०२ म्हणजे ३ व्होल्ट त्या एका जोडापाशी नाहीसे होतात. बारातले तीन! साध्या मल्टिमीटरला इतका बारीक रोध मोजताच येत नाही. तारेची दोन टोके तपासली तर तो खुशाल बीप देतो आणि ‘वायर ठीक आहे’ असा निकाल लागतो. म्हणून मोजायचे ते प्रवाह चालू असताना. मीटरचे एक टोक बॅटरीच्या वजा खांबावर, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा, ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थची पट्टी किंवा तिचा बोल्ट दोषी. अधिक बाजूला बॅटरीच्या खांबापासून सेल्फच्या जाड टर्मिनलपर्यंत अर्धा व्होल्ट ही मर्यादा समजतात. मीटर नसला तरी एक खूण आहे: दोनचार प्रयत्नांनंतर जो जोड हाताला गरम लागतो तोच वीज खातो. अशा टर्मिनलवर उपाय म्हणजे आधी वजा आणि मग अधिक तार सोडवून गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुणे, वायर ब्रशने घासून धातू उघडा करणे, उलट क्रमाने घट्ट बसवणे आणि वरून पेट्रोलियम जेली लावणे. खर्च जवळपास शून्य. याच दोषापायी कित्येकांनी नवी बॅटरी घेतलेली असते, आणि ती बसवताना टर्मिनल घासले गेल्यामुळे गाडी सुरूही झालेली असते. जुनी बॅटरीच खराब होती हा समज त्यामुळे आणखी पक्का होतो.

एकच जोरदार ‘टक’ आणि पुढे शांतता, ही वेगळी तक्रार. इथे गाडीतला छताचा दिवा लावून सेल्फ मारावा. दिवा जवळजवळ विझला तर प्रवाह खूप ओढला जातोय किंवा मिळतच नाही: बॅटरी, जोड, अडकलेली मोटर किंवा अडकलेले इंजिन. दिवा तसाच तेवत राहिला तर प्रवाह मोटरीत शिरलेलाच नाही. मग संशय सोलेनॉइडमधल्या तांब्यावर किंवा मोटरीच्या कार्बनवर. सेल्फ उघडून पाहिला की हा दोष डोळ्यांना दिसतो. ज्या जागी चकती टेकते तिथले तांबे हजारो ठिणग्यांनी काळे पडलेले, एका कडेला खड्डा पडलेले असते. दांडा पूर्ण आत येऊनही चकती नीट टेकत नाही. कार्बन झिजले असतील तर ते इतके आखूड झालेले दिसतात की मागची स्प्रिंग त्यांना दाबूच शकत नाही. सेल्फवर हलकेच ठोकल्यावर गाडी सुरू होते ती याच कारणाने. ठोकण्याने कार्बन किंवा चकती क्षणभर जागेवर येते. तो उपाय घरी पोचण्यापुरता. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे कार्बन, बुश आणि तांब्याची चकती बदलून मिळते. पूर्ण नवा सेल्फ घ्यायची गरज फार थोड्या वेळा पडते, आणि ही दुरुस्तीची कला आपल्याकडे अजून जिवंत आहे, तिचा उपयोग करून घ्यावा.

दुसरा टप्पा सेल्फ फिरत असतानाचा. ‘सूंऽऽ’ करत मोटर फिरते आणि इंजिन ढिम्म हलत नाही, तेव्हा बॅटरीकडे बघण्यात अर्थ नाही. पिनियन अडकत नाही किंवा त्याच्यातला एकाच दिशेने पकडणारा क्लच घसरतो. गॅरेजमध्ये याला ‘बेंडिक्स गेला’ म्हणतात. हा क्लच हवा कशाला? इंजिन पेटून तीन हजार फेऱ्यांवर गेले आणि पिनियन अडकूनच राहिले, तर दातांच्या प्रमाणात मोटरीला मिनिटाला तीस हजारांवर फेरे घ्यावे लागतील आणि तिचे वेटोळे फाटेल. ‘खर्रर्र’ असा धातू घासल्याचा आवाज मात्र दातांचा. तो रोज न येता अधूनमधून येतो आणि त्यामुळे लोक गोंधळतात. त्याचे कारण मोठे सुंदर आहे. इंजिन बंद होताना वाटेल तिथे थांबत नाही. कुठल्या तरी सिलिंडरमधली हवा दाबली जाऊ लागली की ते तिथे अडते. चार सिलिंडरच्या इंजिनात अशा थांबण्याच्या जागा फ्लायव्हीलवर दोन, एकमेकींसमोर. अल्टो किंवा टिआगोसारख्या तीन सिलिंडरच्या गाड्यांत तीन. वर्षानुवर्षे पिनियन तेवढ्याच दातांवर येऊन आदळते, ते दात खाल्ले जातात आणि बाकीचे कोरे राहतात. इंजिन त्या जागी थांबले की खर्रर्र, नाहीतर काही नाही. खात्री करायची असेल तर आवाज आल्यावर इग्निशन बंद करावे, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून हातभर पुढे ढकलावी आणि परत गिअर काढून सेल्फ मारावा. आवाज गेला तर रिंग गिअर खाल्ला गेला आहे. नवा बेंडिक्स बसवून हा दोष जात नाही, उलट खराब दातांवर नवे दात झिजतात. गिअरबॉक्स उतरवण्याचे काम असल्याने पुढे कधी क्लच प्लेट बदलायची असेल तेव्हाच रिंग गिअरही उरकून घेणे शहाणपणाचे.

तिसऱ्या टप्प्यात, इंजिन पेटल्यावर, सगळ्यात जास्त लक्ष द्यावे अशी एकच खडखड आहे: पहिल्या एकदोन सेकंदांत इंजिनाच्या एका कडेकडून येणारी आणि लगेच थांबणारी. टायमिंग चेनचा टेन्शनर बहुतेक इंजिनांत ऑइलच्या दाबाने चालतो. रात्रभरात त्यातले ऑइल खाली उतरते. सकाळी दाब येईपर्यंत चेन सैल असते आणि तिच्या प्लॅस्टिकच्या मार्गिकांवर आपटते. क्षणभराची खडखड काही इंजिनांत खपून जाते. ती दोन सेकंदांच्या पुढे रेंगाळू लागली, महिन्यागणिक वाढू लागली, तर चेन लांबली आहे. चेन लांबते ती तिच्या शेकडो पिना थोड्याथोड्या झिजल्यामुळे, आणि झीज वाढते ती ऑइल वेळेवर न बदलल्यामुळे. इथे पहिली तपासणी डिपस्टिक. ऑइल कमी आहे का, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे आहे का, फिल्टर कसला बसवला? इंजिन बंद असताना ऑइल परत वाहून जाऊ नये म्हणून अनेक फिल्टरांत एक रबरी झडप असते. निकृष्ट फिल्टरमध्ये ती कडक होऊन बसते आणि रोज सकाळी खडखड सुरू होते. ‘जाड ऑइल टाका, आवाज जाईल’ या सल्ल्याने आवाज कधीकधी दबतोही, पण थंड इंजिनात जाड ऑइल टेन्शनरपर्यंत पोचायला जास्त वेळ घेते, म्हणजे ज्या क्षणी संरक्षण हवे तोच क्षण लांबतो. चेन दात सोडून गेली तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच उघडावे लागते. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेल इंजिनात तर चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. अशा ठिकाणी चेनपर्यंत पोचण्याचीच मजुरी जबर असते.

पेटल्यानंतरचे बाकीचे आवाज तुलनेने सोपे. ‘चींऽऽ’ हा बेल्टचा: सेल्फने खाल्लेली वीज भरून काढताना अल्टरनेटर सुरुवातीला जड फिरतो आणि सैल किंवा गुळगुळीत झालेला बेल्ट त्यावर घसरतो. बेल्टच्या दातेरी बाजूवर थोडे पाणी शिंपडल्यावर आवाज वाढला तर ताण कमी, थोडा वेळ थांबला तर पुली तिरकी. पाणी दुरूनच शिंपडावे, हात आणि ओढणी बेल्टपासून लांब. थंड असताना टिकटिक आणि गरम झाल्यावर शांत, असे असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून धूर फुंकला जात असण्याची शक्यता मोठी, कारण तापलेला धातू प्रसरण पावून फट बुजवतो. ठरावीक वेगालाच झणझणणारा पत्रा सायलेन्सरवरच्या हीट शील्डचा. एका क्लॅम्पने भागते.

आता यावरचे आक्षेप. पहिला असा की आजची गाडी संगणकावर चालते, स्कॅनर लावला की सगळे कळते, मग कान आणि घड्याळ कशाला. स्कॅनर जरूर लावावा; सेल्फ मारतानाचे व्होल्टेज आणि इंजिनाचे फेरे तो चांगले दाखवतो. पण संगणकाला कळते ते सेन्सर जिथे आहे तिथले. पिनियनच्या दातांवर, बेल्टच्या पाठीवर, सोलेनॉइडच्या तांब्यावर सेन्सर नसतो. नॉक सेन्सर ऐकतो, पण त्याला सिलिंडरमधल्या चुकीच्या स्फोटाचा आवाज तेवढा ओळखायला शिकवलेले असते. चेन लांबली की क्रँक आणि कॅम यांच्या स्थितीतला फरक पी००१६ अशा कोडने नोंदवला जातो हे खरे, मात्र तो फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यावर. सकाळची खडखड त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असू शकते. ‘कोड नाही म्हणजे दोष नाही’ हा निष्कर्ष काढणारा माणूस यंत्राला त्याच्या आवाक्याबाहेरची साक्ष विचारतो आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: तीस वर्षे गॅरेज चालवणाऱ्या उस्तादाला कानानेच कळते, त्याला मोजमापे शिकवायची गरज नाही. अशा कानांबद्दल आदर बाळगूनच सांगायला हवे की कानाला आवाज ओळखता येतो, त्यामागच्या तीन कारणांतले एक निवडता येत नाही. तोच टकटकाट बॅटरीमुळे, टर्मिनलमुळे आणि अर्थच्या पट्टीमुळे येतो, आणि तिन्हींचा आवाज एकच. चांगले उस्ताद हे जाणून असतात, म्हणून त्यांच्या खिशात टेस्ट लॅम्प असतो. याला जोडूनच सांगितले जाते की आपल्याकडे वेळ महाग आणि भाग स्वस्त. शोधत बसण्यापेक्षा बदलून टाकलेले बरे. पण वर दिलेली व्होल्टेजची तपासणी पाच मिनिटांची आहे. एका बॅटरीला काही हजार रुपये पडतात. शिवाय चुकीचा भाग बदलला तर दोष शिल्लक राहतो आणि आठवड्याने भलत्या ठिकाणी, भलत्या वेळी गाडी अडकते. ती किंमत कोणत्याच बिलात दिसत नाही.

याउलट काही आवाज दुरुस्तीचे नाहीतच. इग्निशन चालू करताच मागच्या सीटखालून दोनेक सेकंद येणारी गुणगुण पेट्रोल पंपाची. थंड इंजिन पहिला मिनिटभर बाराशे-पंधराशे फेऱ्यांवर घुमते ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून. गाडीने थोडा वेग घेताच एकदा ‘धक्’ झाले तर एबीएसने स्वतःची चाचणी घेतली. मारुतीच्या सौम्य हायब्रिड गाड्या सिग्नलला बेल्टच्या जोरावर जवळजवळ निःशब्द सुरू होतात आणि सकाळी मात्र नेहमीच्या सेल्फने घुर्र करतात. दोन आवाज वेगळे म्हणून बिघाड मानू नये. गाडी नवी असतानाच हे आवाज ऐकून ठेवलेले असले तर पुढे नवा पाहुणा लगेच ओळखू येतो.

एका प्रसंगात मात्र ऐकत, तपासत बसायचे नसते. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि सेल्फ मारल्यावर एकच जड ‘ठक’ होऊन सगळे थांबले, तर किल्ली काढून घ्यावी. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या शहरात गाड्या पाण्यात अडकतातच. पाणी दाबले जात नाही. बाराशे सीसीच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरची जागा तीनशे सीसी. दाबाचे प्रमाण दहास एक धरले तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सुमारे ३३ सीसी, म्हणजे दोन मोठे चमचे. तेवढे पाणी हवेच्या नळीतून आत गेले की पिस्टन वर जाऊच शकत नाही. अशात पुन्हापुन्हा सेल्फ मारला आणि दुसरा एखादा सिलिंडर पेटला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये ही जागा याहून लहान. गाडी ओढत न्यावी, प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर घालवावे, ऑइल बदलावे, मगच सेल्फला हात लावावा. साध्या मोटार विम्यात असे नुकसान सहसा धरत नाहीत. इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते, आणि तीही पावसाळ्याआधी.

राहिला साक्ष देण्याचा प्रश्न. तो मोबाइलने सोपा केला आहे. रात्रभर उभ्या गाडीचा पहिला स्टार्ट चित्रित करावा, तेही डॅशबोर्डवरचा फेऱ्यांचा काटा आणि दिवे चौकटीत येतील असे; म्हणजे आवाज काटा हलण्याआधीचा की नंतरचा हे मेकॅनिकला स्वतः बघता येते. दुसऱ्या दिवशी कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगून बॉनेट उघडे ठेवून तेच चित्रण पुढून घ्यावे. हात लांब, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. गॅरेजला गाडी आदल्या संध्याकाळीच सोडावी आणि सकाळी मेकॅनिकच्या हजेरीशिवाय कोणी सुरू करू नये असे सांगून ठेवावे. काम झाल्यावर काढलेला जुना भाग मागून घ्यावा, सेल्फ मारतानाचे व्होल्टेज आपल्यासमोर पुन्हा मोजायला लावून बिलावर लिहून घ्यावे. पैसे चुकते करण्याआधी शक्य असेल तर गाडी आणखी एक रात्र तिथेच उभी राहू द्यावी, कारण दुरुस्ती झाली की नाही हे त्याच दुपारी गरम इंजिनावर ठरत नाही.